लाल अक्षरांना घाबरता कशाला?

दोस्तांनो, शेतातली मोटार सुरू केली आणि पाणी आलंच नाही, तर घरी काय करतात? नवी विहीर खोदायला घेतात? छे! आजोबा आधी स्टार्टरजवळ जातात. तिन्ही फेज आलेत का ते बघतात. एक फेज गेलेला असेल तर मोटार नुसती गुणगुणत राहते, फिरत नाही. फेज ठीक असतील तर फ्यूज बघायचा. तोही ठीक असेल तर पाइपात हवा धरली आहे का, फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला आहे का ते बघायचं. असं एकेक करत जायचं, की कुठेतरी दुखणं सापडतं. त्यात विहिरीला कुणी नावं ठेवत नाही आणि मोटारीलाही कुणी 'ढ' म्हणत नाही.

कॉम्प्युटरसमोर बसलं की मात्र आपण हे सगळं विसरतो. पडद्यावर चार ओळी लाल इंग्रजी अक्षरं उमटली की छातीत धस्स होतं. 'माझंच काहीतरी चुकलं', 'हे आपल्याला जमणारं नाही' असं वाटू लागतं. मग चौकातला कुणीतरी जाणकार सांगतो, "फॉरमॅट मारून टाक." आता हे नवी विहीर खोदणं नाही तर काय?

समजा, परभणी जिल्ह्यातल्या पालमची, म्हणजे गंगाखेड-लोहा रस्त्यावरच्या त्या तालुक्याच्या गावातली, नववीतली एक मुलगी आहे. तिला फोनसाठी एक छोटं ॲप करायचंय. कापूस किती क्विंटल भरला आणि भाव काय मिळाला, हे घातलं की एकूण पैसे किती ते सांगणारं! त्यात हमाली-तोलाई वजा करायची सोयही हवी. हिशेब तिला तोंडपाठ आहे. मामाच्या लॅपटॉपवर तिने 'अँड्रॉइड स्टुडिओ' घेतलाय, नवा प्रोजेक्ट उघडलाय. अजून स्वतःची एक ओळही लिहिलेली नाही, तोच लाल अक्षरं! हिशेब चुकला म्हणावं, तर तो लिहिलाच कुठे होता?

इथेच खरी गंमत आहे. अँड्रॉइड स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर म्हणजे एक वर्कशॉप असतं. लिहायची जागा, तपासायची जागा, ॲप बांधून देणारं यंत्र, सगळं एका छपराखाली. प्रत्येक प्रोजेक्टबरोबर काही छोट्या फाइल असतात. त्यात ॲपचा हिशेब नसतो, वर्कशॉपला दिलेल्या सूचना असतात. कोणती हत्यारं घ्यायची, कितव्या आवृत्तीची घ्यायची, सामान कुठून आणायचं, असल्या. या मांडामांडीला म्हणतात 'कॉन्फिगरेशन'. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जी लाल अक्षरं भेटतात, त्यांतली पुष्कळशी या मांडामांडीतली असतात. तुमच्या हुशारीशी त्यांचा काडीचाही संबंध नसतो, बरं का!

आपल्या पालमच्या मुलीचंच बघा. तिने प्रोजेक्टच्या फोल्डरला हौसेने नाव दिलं 'कापूस'. अगदी मराठीत, देवनागरीत! आणि विंडोजवरच्या त्या वर्कशॉपने ठणकावलं, 'युअर प्रोजेक्ट पाथ कंटेन्स नॉन-आस्की कॅरॅक्टर्स'. अर्थ असा, की तुमच्या फोल्डरच्या पत्त्यात 'आस्की'बाहेरची अक्षरं आहेत.

हे 'आस्की' काय प्रकरण आहे? कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत त्यासाठी एक यादी प्रसिद्ध झाली, तिचं नाव आस्की. तिच्यात जागा फक्त १२८. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही खुणा बसल्या. आपल्या 'अ'ला तिथे पाट मांडलेलाच नव्हता! पुढे १९९१ साली जगातल्या लिप्यांना एका पंगतीत बसवणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला जागा मिळाली. 'अ'चा क्रमांक २३०९ आणि 'क'चा २३२५. म्हणून तर आज फोनवर आपण झकास मराठीत निरोप पाठवतो. पण वर्कशॉपमधली काही जुन्या वळणाची हत्यारं फाइलचा पत्ता वाचताना अजूनही अडखळतात. म्हणून तो इशारा.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत ठेवायचं आणि नावात मोकळी जागा सोडायची नाही. फोनवर दिसणारं ॲपचं नाव मात्र खुशाल 'कापसाचा हिशेब' असं मराठीतच ठेवा. ते वेगळ्या फाइलमध्ये असतं आणि तिथे देवनागरी सुखाने नांदते. आणखी एक जागा तपासा. लॅपटॉपवर विंडोजच्या खात्याचं नावच कुणी देवनागरीत ठेवलं असेल, तर त्या नावाचा फोल्डरही पत्त्यात येतो आणि तिथेही अशीच ठेच लागू शकते. मला विचाराल तर यात चूक मुलीची नाही, हत्यारांची आहे. आपल्या भाषेत फोल्डरचं नाव ठेवणं हा काही गुन्हा नव्हे!

आता दुसरी लाल ओळ. ही जरा वजनदार आहे.

ट्रॅक्टर तुम्ही पाहिलाच आहे. नुसता ट्रॅक्टर नांगरत नाही की पेरत नाही. मागे नांगर जोडला की नांगरतो, पेरणीयंत्र जोडलं की पेरतो. सॉफ्टवेअरमध्ये असं मागून जोडायचं जे अवजार, ते 'प्लगइन'. अँड्रॉइड स्टुडिओत ॲप बांधायचं काम 'ग्रेडल' नावाचा ट्रॅक्टर करतो. त्याला अँड्रॉइडचं प्लगइन हे अवजार जोडलेलं असतं. आणि ट्रॅक्टरला चालायला डिझेल लागतं तशी ग्रेडलला लागते 'जावा'. या तिघांचं जमलं पाहिजे. अवजाराची पिन जाड आणि ट्रॅक्टरचं भोक लहान, असं असेल तर दोन्ही कोरे करकरीत असूनही जोडणी होणार नाही. तसंच इथेही. उदाहरणार्थ, २०२३ साली आलेल्या अँड्रॉइड प्लगइनच्या ८.० आवृत्तीला ग्रेडल निदान ८.० लागतं आणि जावा निदान १७.

पण समजा, तुम्ही दादाच्या पेनड्राइव्हवरून चार-पाच वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट आणून नव्या स्टुडिओत उघडलात. मग कधी कधी असा निरोप येतो: 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१'. आता ६१ कुठून आलं? आपण तर कुठेच ६१ लिहिलं नव्हतं!

वही-पेन्सिल घ्या. ६१ मधून ४४ वजा करा. किती उरले? १७! म्हणजे ही जावा १७ची खूण. ५२ दिसलं तर जावा ८, ५५ दिसलं तर ११ आणि ६५ दिसलं तर २१. प्रत्येक वेळी ४४ वजा करायचे की झालं. आता निरोपाचा अर्थ लागतो: जुन्या ग्रेडलला जावा १७ची भाषा कळत नाहीये. ग्रेडल ७.३ पासून पुढे जावा १७ चालते, जावा २१ हवी असेल तर ग्रेडल ८.५ किंवा त्यापुढचं लागतं. मग दोन वाटा उरतात. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये जुनी जावा निवडा, नाहीतर 'ग्रेडल-रॅपर डॉट प्रॉपर्टीज' या फाइलमध्ये ग्रेडलचा आकडा वाढवा. दुसरी वाट धरलीत तर त्या ग्रेडलला जुनं प्लगइन चालतं का तेही बघावं लागेल. कोणत्या प्लगइनला कोणतं ग्रेडल, याचा तक्ता अँड्रॉइडच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेला आहे. अंदाजाने आकडे टाकण्यापेक्षा तो तक्ता उघडावा, हे बरं.

तिसरी ओळ खेड्यापाड्यातल्या मुलांच्या जास्त ओळखीची निघेल. पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडला की ग्रेडल आपलं सामान इंटरनेटवरून मागवतं. सामान बरंच असतं. फोनचा हॉटस्पॉट चालू आहे, पट्टी अर्धी भरली आहे आणि लाईट गेली! बॅटरी उतरलेला लॅपटॉप बंद. पुन्हा सुरू केल्यावर कॉम्प्युटरला वाटतं सामान आलंय, पण पोतं अर्धंच भरलेलं. मग 'झिप' फाइल उघडता येत नाही अशा अर्थाची तक्रार येते. इथे तुम्ही दहा सेटिंगं बदलून काही उपयोग नाही. ते अर्धवट पोतं फेकून द्यायचं, म्हणजे ग्रेडलच्या साठ्यातला तेवढाच अपुरा फोल्डर पुसायचा आणि पुन्हा पूर्ण उतरवून घ्यायचा. एकदा सामान नीट आलं की पुढे रोजच्या कामाला इंटरनेट नसलं तरी चालतं. त्यासाठी 'ऑफलाइन' असं बटणही असतं. मात्र नवं अवजार जोडायच्या दिवशी ते बटण बंद करायला विसरू नका, नाहीतर 'साठ्यात सापडत नाही' म्हणून ग्रेडल अडून बसेल!

'असल्या चुका आमच्यासारख्या पोरांच्याच होत असतील', असं तुम्ही म्हणाल. मग १९ जुलै २०२४ची सकाळ आठवा. 'क्राउडस्ट्राइक' नावाच्या अमेरिकन कंपनीचं, कॉम्प्युटरची राखण करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या कचेऱ्यांत बसवलेलं आहे. त्या दिवशी आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना कंपनीने त्याला एक छोटी कॉन्फिगरेशन फाइल पाठवली. तिच्यातला नियम म्हणत होता, 'एकविसावी माहिती तपासा'. आणि आतला प्रोग्रॅम माहिती पुरवत होता फक्त वीस! वर्गात वीस मुलं आणि गुरुजी हजेरीला एकविसावा नंबर पुकारतायत, असला प्रकार. माणूस असता तर म्हणाला असता, 'गैरहजर'. प्रोग्रॅम बिचारा नसलेली माहिती शोधायला भलत्याच जागी गेला आणि कोसळला. त्याच्याबरोबर विंडोजही कोसळलं. सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवत बसले. मुंबईसह अनेक विमानतळांवर खोळंबा झाला. आपल्या देशात काही प्रवाशांना तर विमानाचे पास हाताने लिहून दिले गेले.

कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण बंद पडलेल्या कॉम्प्युटरपर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन, ते 'सेफ मोड'मध्ये सुरू करून, ती एक फाइल हाताने पुसली. लक्षात घ्या, मोडलेलं काहीच नव्हतं. यंत्र धड, विंडोज धड, फक्त वीस आणि एकवीस यांचं जमलं नाही.

मग लाल ओळी आल्या की वाचायचं कसं? इंग्रजी फार यायला हवं असं नाही. थोडे शब्द ओळखीचे झाले की पुष्कळ काम भागतं. 'नॉट फाउंड' म्हणजे सापडलं नाही. तेव्हा नाव आणि पत्ता तपासा. लहान-मोठी अक्षरंही बघा, कारण विंडोज सहसा 'ए' मोठा की छोटा याकडे काणाडोळा करतं, लिनक्स करत नाही. 'अनसपोर्टेड' किंवा 'इनकम्पॅटिबल' दिसलं तर आवृत्त्यांचं भांडण आहे. 'टाइम्ड आउट' म्हणजे वाट पाहून थकलो. आधी इंटरनेट बघा. 'पर्मिशन डिनाइड' म्हणजे हात लावायची परवानगी नाही. जावाच्या लांबलचक निरोपात 'कॉज्ड बाय' हे शब्द शोधा. ते अनेकदा आले असतील तर सगळ्यांत खालचा पकडा, मूळ दुखणं बहुधा तिथे असतं. पायथॉन शिकत असाल तर सरळ शेवटची ओळ आधी वाचायची.

त्यानंतर आजोबांची स्टार्टरजवळची रीत. एका वेळी एकच बदल! पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर नेमकं कशाने चालू झालं ते कळणार नाही. आणि बंदच राहिलं, तर पाचांपैकी कोणत्या बदलाने आणखी बिघडवलं तेही कळणार नाही. बदलाने फरक पडला नाही तर तो आधी होता तसा करून ठेवायचा. हात लावण्यापूर्वी सगळ्या प्रोजेक्टची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली की निम्मी भीती तिथेच संपते. शेजारी एक साधी वही असावी. काय बदललं, काय निरोप आला, एवढंच त्यात लिहायचं. इंटरनेटवर कुणीतरी दिलेला उपाय दिसला तरी तो लिहिलेल्या वर्षाकडे नजर टाका. २०१५ सालचं औषध आजच्या दुखण्याला लागेलच असं नाही. कुणाला मदत मागायची असेल तर निरोप जसाच्या तसा दाखवा, पण पासवर्ड आणि फोन नंबर दिसत असतील तर ते आधी झाका.

आईबाबांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. मुलगा किंवा मुलगी अशा लाल अक्षरांसमोर तास-दीड तास बसली, तर ती वेळ घालवते आहे असं समजू नका. 'मोडलास ना लॅपटॉप?' असंही विचारू नका. प्रोजेक्टच्या फाइलमधल्या असल्या चुकीने लॅपटॉप बिघडत नाही. दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणलात तर पैसे जातील, फोटो आणि कागदपत्रंही जातील. आणि तोच जुना प्रोजेक्ट पुन्हा उघडला की तेच ६१ पुन्हा समोर उभं राहील. त्यापेक्षा जवळ बसा आणि विचारा, "शेवटच्या ओळीत काय लिहिलंय?" तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही तरी चालेल. ती ओळ मोठ्याने वाचताना कित्येकदा वाचणाऱ्यालाच चूक दिसते!

पालमच्या त्या मुलीचं पुढचं काम अजून बाकी आहे. फोल्डरचं नाव बदललं, सामान पूर्ण उतरलं, लाल अक्षरं गेली. आता तिने हिशेब लिहिला आणि ॲप चालवलं, तर सात क्विंटल कापसाचे पैसे सत्तर क्विंटलचे दिसतायत! या वेळी लाल अक्षर एकही नाही. ही चूक खरोखर तिच्या ओळींतली आहे, आणि ती तिलाच शोधायची आहे.