दगडी कोळसा आणि त्यातला दगड

औष्णिक वीजकेंद्रात शंभर किलो भारतीय कोळसा जाळला की बहुधा पस्तीस ते चाळीस किलो राख उरते. चंद्रपूरपासून झारखंडपर्यंतचा बहुतेक कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. वाहत्या पाण्याने आणलेल्या गाळात झाडोरा गाडला गेला आणि माती त्याच्या कणाकणात मिसळली. त्यामुळे कोळसा धुतला तरी ती पुरती निघत नाही. गंधक मात्र या कोळशात कमी, साधारण अर्धा टक्का असते. हा त्याचा मोठाच गुण.

कोळशाची प्रत ठरते ती उष्मांकावर. २०१२ पासून देशात जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती आहेत. किलोमागे ७,००० किलोकॅलरीहून जास्त उष्णता देणारा जी-१, तर जेमतेम २,२०१ ते २,५०० देणारा जी-१७. हा फरक वीजकेंद्राला किती जाणवतो, ते साध्या हिशेबाने कळते. एक युनिट विजेला सुमारे २,४०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालवायला ४,००० उष्मांकाचा कोळसा तासाला ३०० टन लागेल. उष्मांक ३,२०० वर आला की तोच आकडा ३७५ टन होतो. हे जादा पंचाहत्तर टन वाहून आणायचे, दळायचे आणि त्यांची राखही उचलायची. हलका कोळसा स्वस्त पडतो, हा समज म्हणूनच फसवा आहे.

उष्मांक चांगला असला म्हणजे झाले, असेही नाही. कोळसा मिलमध्ये पिठासारखा दळून हवेच्या झोताने भट्टीत फुंकतात. त्यातले सुमारे सत्तर टक्के कण ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक लागतात. राखेतली गारगोटी मिलचे रोलर आणि बॉयलरच्या नळ्या झिजवते. राख कमी तापमानाला वितळणारी असेल तर नळ्यांवर तिचे थर चढतात आणि उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. बाष्पशील द्रव्य कमी असले तर ज्योत टिकवायला तेल जाळावे लागते. फार जास्त असले तर मिलमध्येच आग लागण्याचा धोका. पावसाळ्यात ओला, चिखलट कोळसा बंकरच्या भिंतींना चिकटून बसतो आणि तो ठोकून खाली पाडावा लागतो. बॉयलर ज्या कोळशासाठी आखलेला असतो, त्याच्या जवळपासचा कोळसा मिळणे म्हणूनच महत्त्वाचे. इंडोनेशियाचा कमी राखेचा कोळसाही बेतानेच मिसळावा लागतो.

ही सगळी पारख होते नमुन्यावरून. वाघिणींतून गोळा केलेला कोळसा फोडून त्याचा शंकूसारखा ढीग करतात, तो दाबून त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकतात. असे पुन्हा पुन्हा करत अखेर २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली पूड उरते. तिच्यातली ग्रॅमभर पूड पोलादी भांड्यात, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये जाळून भोवतालचे पाणी किती तापले ते मोजतात. मालगाडीतल्या सुमारे ४,००० टन कोळशाची प्रत आणि किंमत या ग्रॅमभर पुडीवर ठरते.