प्रश्न विचारणाऱ्यांचा गोतावळा

रोज सहा प्रश्न. रोख बक्षीस नाही. उत्तर शोधून पाहायला बंदी, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला कोणी पर्यवेक्षक नाही. ‘लर्नेडलीग’ ही अमेरिकेतली ऑनलाइन प्रश्नमंजुषा १९९७पासून याच शर्तींवर चालू आहे. न्यूयॉर्कमधल्या मोजक्या ओळखीच्या लोकांत सुरू झालेल्या या खेळात आज हजारो माणसे भाग घेतात. नवा सभासद जुन्याच्या ओळखीनेच आत येतो. ज्या काळात कोणतेही उत्तर खिशातल्या फोनवर क्षणात मिळते, त्या काळात एवढी माणसे आपल्या डोक्यात काय आहे तेवढेच लिहून पाठवतात, याचे मला फार मोल वाटते.

लर्नेडलीगची रचना समजून घेण्यासारखी आहे. एका हंगामात २५ सामने होतात. दोघा प्रतिस्पर्ध्यांना तेच सहा प्रश्न मिळतात. प्रत्येकाने स्वतःची उत्तरे लिहायची आणि समोरच्याच्या प्रश्नांना ०, १, १, २, २, ३ असे गुण वाटून द्यायचे. त्याला जे येणार नाही असे वाटते, तिथे तीन गुण ठेवायचे. समोरच्याने आजवर कोणत्या विषयात किती उत्तरे बरोबर दिली, याची नोंद सर्वांना पाहता येते. त्यामुळे खेळाडू न भेटलेल्या माणसाच्या आवडीनिवडींचा अभ्यास करतो. याला ऑपेरा कळतो, पण क्रिकेट नाही. हिला रसायनशास्त्र पक्के येते, पण चित्रपट कच्चे. स्पर्धेच्या निमित्ताने अनोळखी माणसाची अशी ओळख होते.

हा छंद आंतरजालाच्या आधीचा आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एड गुडगोल्ड आणि डॅन कार्लिन्स्की या विद्यार्थ्यांनी लहानपणीच्या मालिका, गाणी, जाहिराती यांवरचे प्रश्न एकमेकांना विचारण्याची टूम काढली आणि १९६६मध्ये त्याचे पुस्तक केले. विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंट गावी विद्यापीठाचे रेडिओ केंद्र १९६९पासून प्रश्नस्पर्धा घेत आले आहे; पुढे ती सलग ५४ तासांची झाली. १९७९मध्ये माँट्रिअलच्या ख्रिस हेनी आणि स्कॉट अ‍ॅबट यांना ‘ट्रिव्हिअल परसूट’ हा पटावरचा खेळ सुचला आणि ही हौस घराघरांत गेली.

त्याच खेळाने प्रश्नकर्त्यांना एक कायमचा धडाही दिला. फ्रेड वर्थ या कोशकाराने आपल्या पुस्तकात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचे पहिले नाव ‘फिलिप’. ट्रिव्हिअल परसूटमध्ये नेमके तेच उत्तर छापून आले. वर्थ यांनी १९८४मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळकर्त्यांनी त्यांचे पुस्तक वापरल्याचे मान्य केले. पण तथ्यांवर कोणाची मालकी नसते, या मुद्द्यावर वर्थ हरले. प्रश्न काढणाऱ्याने मात्र यातून एवढे शिकावे, की एकाच पुस्तकावर विसंबू नये. हौशी मंडळींतही प्रश्नासोबत आधार दाखवणाऱ्याला मान मिळतो, तो यासाठीच.

भारतातली परंपरा १९६७मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी घेतलेल्या पहिल्या खुल्या क्विझपासून मोजतात. १९७२मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट रेडिओवर आली. आधी हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांच्या आवाजाने ती घरोघरी पोचवली. त्याच वर्षी हैदराबादेत के-सर्कल आणि १९८३मध्ये बंगळुरूत कर्नाटक क्विझ असोसिएशन उभी राहिली. १९८५मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचे ‘क्विझ टाइम’ सुरू झाले. पुण्यात बोट क्लब क्विझ क्लबने अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात हा छंद जोपासला. २०००मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे ‘कौन बनेगा करोडपती’चे पहिले करोडपती झाले, तेव्हा सामान्य ज्ञान हा मराठी घरांत जेवतानाचा विषय झाला.

भारतीय क्विझवाल्यांनी या खेळात स्वतःची भर घातली. प्रश्न एका संघाला आला नाही तर पुढच्याकडे सरकतो, तो ‘बाउन्स’. पाळी येण्याआधीच उत्तर गुपचूप लिहून देणे आणि चुकल्यास गुण गमावण्याची जोखीम पत्करणे, हा ‘पाउन्स’. याहून मोठी देणगी म्हणजे ‘वर्क आउट’ करता येणारा प्रश्न. ‘लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे?’ हा पाठांतराचा प्रश्न झाला. ‘बुलढाणा’ आठवले तर आठवले, नाहीतर विषय संपला. आता असे विचारून पाहा: ‘उल्कापाताने बेसाल्ट खडकात घडलेली विवरे पृथ्वीवर दुर्मीळ आहेत. चंद्रावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ महाराष्ट्रातल्या कोणत्या ठिकाणाचा अभ्यास करतात?’ इथे दख्खनचा काळा दगड आठवतो, उल्का आठवते, धागा जुळतो आणि उत्तर न येणाऱ्यालाही शेवटी काहीतरी नवे मिळते. क्विझवाले यालाच ‘फंडा चांगला आहे’ म्हणतात. उत्तर ऐकून सगळ्यांच्या तोंडून ‘अरे हो!’ निघाले, की प्रश्न काढणाऱ्याच्या कष्टांचे चीज होते.

आंतरजालाने या हौशीला नवे घर दिले. २००७मध्ये निघालेल्या ‘स्पोर्कल’वर १५ मिनिटांत जगातल्या सगळ्या देशांची नावे टंकायची चढाओढ लागली. २०२०च्या टाळेबंदीत तर क्विझ घराघरांतून, व्हिडिओ कॉलवरून होऊ लागली. इंग्लंडमध्ये जे फ्लिन यांनी गावच्या पबच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी जाहीर केलेली क्विझ चुकून सगळ्या जगाला खुली झाली आणि बघता बघता लाखो लोक जोडले गेले. भारतातही वेगवेगळ्या शहरांतली मंडळी एका संघात खेळू लागली. पाउन्सच्या चिठ्ठीची जागा खासगी चॅटने घेतली.

याच काळात दुसऱ्या वाटेने गेलेले उपक्रमही आठवावेत. २०१३चे आइसलँडचे ‘क्विझअप’ लाखो लोकांच्या फोनवर होते. २०२१मध्ये ते बंद पडले. रोख बक्षिसे वाटणारे ‘एचक्यू ट्रिव्हिया’ २०१७मध्ये आले, एकाच वेळी २० लाखांहून अधिक लोक ते खेळत होते. फेब्रुवारी २०२०मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि पुढे ते पुन्हा सुरू झाले तरी ती गर्दी परतली नाही. पैसा आणि झगमगाट यांवर उभे राहिलेले हे खेळ ओसरले. ओळखीपाळखीवर आणि विश्वासावर उभे राहिलेले टिकले. माझ्या मते हा योगायोग नाही. बक्षिसासाठी आलेला माणूस बक्षीस आटले की जातो. आपल्याला ठाऊक असलेली गंमत दुसऱ्याला सांगावी, म्हणून आलेला माणूस उद्याचा प्रश्न घेऊन परत येतो.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत सामान्य ज्ञानाची पुस्तके भरपूर आहेत, पण बहुतेक स्पर्धा परीक्षांसाठी. त्यांतल्या प्रश्नांना भिऊन उत्तरे पाठ केली जातात. हौशी क्विझचा व्यवहार मात्र मराठी माणसे जमली तरी बव्हंशी इंग्रजीतच चालतो. सामग्रीची वाण आहे म्हणून असे होते, हे म्हणणे टिकणारे नाही. केतकरांचा ज्ञानकोश आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला विश्वकोश आता संगणकावर वाचता येतो. शिवाय गडकिल्ले, नाटक, अभंग, खाद्यपदार्थ, सहकारी साखर कारखाने, गिरणगाव, गोव्याचे तियात्र, बेने इस्रायलींची मराठी, अशा कितीतरी विषयांवर उत्तम फंडे आपली वाट पाहत आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. या दिवाळीत घरची मंडळी एकत्र जमली की दहा प्रश्न स्वतः काढा. प्रत्येक उत्तर किमान दोन ठिकाणी पडताळा. नुसते साल विचारू नका. विचार करून पोचता येईल अशी वाट प्रश्नातच ठेवा. चार प्रश्न आजीला येतील असे असू द्या, चार नातवाला, आणि दोन असे असू द्या की दोघांनी मिळून सोडवावेत. मग ते दूरच्या मित्रांना पाठवा आणि त्यांच्याकडून दहा मागवा. मराठीत हौशी क्विझचा गोतावळा वाढायचा असेल, तर तो असाच, दहा-दहा प्रश्नांनी वाढेल.