वाट आधी पायांनी शोधायची

विस्तीर्ण मोकळं पार्किंग किंवा जुन्या विमानतळाची फरसबंदी, तिच्यावर नारिंगी शंकू मांडून आखलेली नागमोडी वाट आणि एका वेळी एकच गाडी. शर्यत घड्याळाशी. अमेरिकेतल्या या खेळाचं नाव ऑटोक्रॉस. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ तो ‘सोलो’ या नावाने भरवते. तिची राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्कातल्या लिंकनला होते. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. शंकू पडला किंवा त्याच्याभोवती आखलेल्या चौकटीबाहेर गेला, तर २ सेकंदांचा दंड. शंकूंचं एखादं फाटकच चुकलं, तर फेरी बाद.

मी डेट्रॉईटजवळ राहते, गाड्यांच्या ब्रेकवर काम करते आणि सुट्टीच्या दिवशी माझी मियाटा गाडी घेऊन या शंकूंमध्ये उतरते. बघायला येणारे विचारतात, इंजिन किती ताकदीचं? मला वाटतं, त्यांनी विचारावं, वाट कोणती धरलीस?

साधं गणित बघा. चांगले टायर आणि कोरडं डांबर असेल, तर १० मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ताशी सुमारे ३५ किलोमीटरने टिकते. २० मीटरच्या वळणात सुमारे ५०ने. त्रिज्या दुप्पट झाली की अंतरही दुप्पट होतं, वेग मात्र दीडपटसुद्धा होत नाही. म्हणून अर्धवर्तुळ पार करायला लहान वळणात तीन सेकंदांच्या थोडं वर लागतात, मोठ्यात जवळजवळ साडेचार. म्हणजे जास्त वेगाची वाट इथे मागे पडते. पण त्या वळणानंतर लांब सरळ पट्टा असेल, तर बाहेर पडतानाचा जादा वेग पट्टाभर उपयोगी पडतो आणि रुंद वळणाची भरपाई होऊ शकते. पुढे लगेच दुसरं वळण असेल, तर तोच वेग ब्रेकमध्ये वाया जातो. वळण कसं घ्यायचं, हे त्याच्या पुढे काय आहे त्यावर ठरतं.

स्लालममध्ये, म्हणजे एका रांगेतल्या शंकूंना डावी-उजवी बगल देत जाताना, हे फार जाणवतं. शंकूपाशी पोहोचल्यावर स्टिअरिंग फिरवलं, तर गाडी शंकूपलीकडे बाहेर फेकली जाते, पुढच्या शंकूला आणखी उशीर होतो आणि तो उशीर वाढतच जातो. वळणाचा फुगवटा शंकूच्या अलीकडेच संपवायचा आणि त्याच्या पाठीला घासून निघायचं; तेव्हा गाडीचं तोंड पुढच्या शंकूकडे आधीच वळलेलं असतं.

हे सगळं ठरतं ते पायी. स्पर्धेसाठी शंकूंनी केलेल्या आखणीवर सरावाची फेरी मिळत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत एका आखणीवर मोजक्या तीन फेऱ्या. म्हणून सकाळी सगळे चालक कोर्सवर चालतात. मी दर वळणाला गाडीच्या सीटच्या उंचीपर्यंत खाली वाकते, कारण उभ्याने स्पष्ट दिसणारी वाट त्या उंचीवरून नारिंगी गर्दीत हरवते. शेकडो शंकूंपैकी गाडीची दिशा ठरवणारे थोडेच असतात. ते लक्षात ठेवायचे, बाकीचे विसरायचे. मग सर्वांत लांब सरळ पट्टा शोधून तिथून मागे मागे येत वाट जुळवायची.

नवशिक्या चालकांना मी आग्रहाने सांगते: टायर बदलण्यावर खर्च करण्याआधी कोर्सवर आणखी एकदा चाला. गाडी घरची, रोजच्या वापरातली असली तरी चालते. तिच्या बरोबरीच्या गाड्यांसाठी वेगळा गट असतो, आणि तिथला निकाल बहुतेकदा याच चालण्यात ठरतो.