एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

एकास सातांनी भागावयास बसलेल्या विद्यार्थ्याला, भागाकार संपता संपत नाही म्हणून जो कंटाळा येतो, त्याच कंटाळ्याच्या पोटी १४२८५७ ही संख्या दडलेली असते. दशांशचिन्हापुढे हेच सहा अंक, चौकीदाराच्या गस्तीप्रमाणे, त्याच क्रमाने अखंड फिरत राहतात. या संख्येस दोहोंनी गुणावे तर २८५७१४, तिहींनी गुणावे तर ४२८५७१, आणि सहापर्यंत कोणत्याही अंकाने गुणले तरी तेच सहा अंक, परस्परांचा शेजार न सोडता, केवळ आरंभाची जागा बदलून हजर होतात. सातांनी गुणताच मात्र सारा दरबार बरखास्त होऊन ९९९९९९ उरतात.

यात दैवी असे काही नाही. सातांनी भागताना शून्याखेरीज बाकी उरू शकते ती सहाच प्रकारची, आणि १, ३, २, ६, ४, ५ अशा त्या साऱ्या बाक्या येथे एकाच चक्रात गुंफल्या गेल्यामुळे, दोन किंवा पाच सप्तमांशांचा भागाकार म्हणजे त्याच चक्रात निराळ्या दाराने प्रवेश करणे होय. बिचाऱ्या तेरांच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. त्यांच्या बाक्यांची दोन चक्रे पडतात.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संख्यांच्या दप्तरीही हिची नोंद आहे. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे पाडून बेरीज केली, की मूळ संख्या बिनतक्रार परत मिळते. वाचकांनी हा पडताळा कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच करून पाहावा.