शितावरून भात, पाच मिनिटांवरून माणूस?

कॉलेज फेस्टच्या टीमसाठी इंटरव्ह्यू सुरू आहेत. टेबलाच्या या बाजूला तुम्ही तिघं, समोर एफवाय-एसवायचे चाळीस इच्छुक. पहिलाच मुलगा फाडफाड इंग्रजी बोलतो, दोन जोक मारतो. तो बाहेर पडताच तुम्ही म्हणता, ‘भारी आहे यार, घेऊन टाकू!’ बाविसावी मुलगी जरा अडखळत बोलते. गावच्या गणेश मंडळाच्या वर्गणीचा हिशेब तिनं तीन वर्षं चोख सांभाळलाय. पण तुम्ही ते विचारतच नाही. तोवर चार वाजलेले असतात आणि पोटात कावळे ओरडत असतात. ‘ठीक होती,’ एवढाच शेरा. आणि पद कोणतं? स्पॉन्सरशिपच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्याचं!

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजतात. माणसाचं तसं नसतं. जो छान बोलतो तो हिशेबही छान ठेवेल, याची काहीच गॅरंटी नाही. पण आपलं डोकं तसंच धरून चालतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये हे दाखवून दिलं. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण दिले होते. पण एका बाबतीत जो वर, तो बहुतेक सगळ्याच बाबतींत वर! याला त्यानं ‘हॅलो’ म्हटलं. म्हणजे आपल्याकडे देवाच्या मूर्तीमागे असते ना, ती प्रभावळ. एका गुणाची प्रभावळ बाकी सगळं झाकून टाकते.

यावर उपाय काय? त्यासाठी १९५५ च्या इस्रायलमध्ये जाऊ. पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारा डॅनियल काहनेमन तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा, सैन्यात नोकरी करत होता. सैन्यात आलेल्या तरुणांच्या मुलाखती व्हायच्या. मुलाखत घेणारे गप्पा मारून ‘एकूण छाप’ कशी पडली ते सांगायचे, पण पुढे कोण कसं काम करेल याचा अंदाज त्यातून जवळपास येतच नव्हता. काहनेमननं पद्धत बदलली. सहा गुण ठरवले. प्रत्येकासाठी आधीच्या आयुष्यातल्या ठोस गोष्टींचे प्रश्न ठेवले: आजवर किती ठिकाणी काम केलं, वेळेवर जायचास का, मित्रांना किती वेळा भेटतोस. एका गुणाला १ ते ५ मध्ये मार्क दिल्याशिवाय पुढच्या गुणाकडे जायचं नाही, हा नियम.

मुलाखत घेणारे वैतागले. तुम्ही आम्हाला रोबो बनवताय, अशी त्यांची तक्रार होती. मग त्यानं एक सवलत दिली. सगळे मार्क देऊन झाले की डोळे मिटा, तो मुलगा सैनिक म्हणून कसा दिसतो ते डोळ्यांसमोर आणा आणि एक शेवटचा मार्क द्या. काही महिन्यांनी निकाल तपासला, तेव्हा नवी पद्धत जुन्यापेक्षा बरीच सरस ठरली. गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला मार्कही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. म्हणजे ‘आतून वाटणं’ टाकाऊ नाही, फक्त त्याचा नंबर शेवटी लागतो.

तुमचं स्कोअरकार्ड असं बनवा

आधी काम लिहा. ‘स्मार्ट हवा’, ‘पर्सनॅलिटी हवी’ हे काम नव्हे. ‘वीस दुकानदारांकडे जाणं, पैशांच्या पावत्या ठेवणं, नकार पचवणं’ हे काम. त्यातून चार ते सहा कसोट्या काढा. ज्या गोष्टीची त्या पदावर गरज नाही, तिला मार्क नाहीत. हिशेबाच्या पदाला इंग्रजीचे मार्क कशाला?

आकड्यांचा अर्थ ठरवा. नाहीतर तुमचा ३ आणि मित्राचा ३ वेगळा. उदाहरणार्थ, ‘हिशेबीपणा’. १ म्हणजे पैशांचं काम कधी केलेलं नाही, उदाहरणही देता येत नाही. ३ म्हणजे काम केलंय, पण नोंदी दुसऱ्यानं ठेवल्या. ५ म्हणजे स्वतः नोंदी ठेवल्या, फरक आला तेव्हा तो कसा शोधला हे सांगता येतं.

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. एकाला ‘हॉबी काय?’ आणि दुसऱ्याला ‘बजेट कोसळलं तर?’ असं विचारून तुलना होत नाही. उपप्रश्न जरूर विचारा, पण मूळ प्रश्न सारखेच.

आधी लिहा, मग बोला. उमेदवार बाहेर गेला की तिघांनी आपापले मार्क गुपचूप लिहायचे, बाजूला एका ओळीत कारण. त्यानंतरच चर्चा. नाहीतर सीनियर ‘मस्त होता’ म्हणाला की बाकीच्यांची पेनं आपोआप ५ कडे वळतात.

ओळखीचं कुणी असेल तर त्या इंटरव्ह्यूपुरतं पॅनलवरून उठा. रूममेटला तटस्थपणे मार्क देणं कुणालाच जमत नाही.

कार्ड म्हणजे जादूची कांडी नव्हे. कसोटीच चुकीची असेल, तर ते चुकीचा माणूस अगदी नेटकेपणानं निवडेल. पण निदान ‘मला का नाही घेतलं?’ असं कुणी विचारलं, तर तुमच्याकडे खांदे उडवण्यापेक्षा बरं उत्तर असेल.

आणि लवकरच तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसणार आहात. प्लेसमेंटला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या हातात असंच कार्ड असतं. ‘मी टीम प्लेअर आहे’ या वाक्याला त्यात रकाना नाही. काय अडचण होती, तुम्ही स्वतः काय केलं, शेवटी काय झालं, एवढं तीन-चार वाक्यांत सांगा. समोरचा मान खाली घालून लिहीत बसला, तर ‘इम्प्रेशन पडलं नाही’ म्हणून घाबरू नका. कदाचित तो तुमचा मार्कच लिहीत असेल.