तुमचं कार्ड नर्फ झालं, चूक कुणाची?

रात्री दीडला शेवटची मॅच जिंकून तुम्ही फोन चार्जिंगला लावला. तीन महिने साठवलेलं गोल्ड एकाच कार्डावर ओतलंय. ते कधी टाकायचं, समोरच्याकडे किती एलिक्झिर उरलं असेल, सगळं आता बोटांना पाठ. सकाळी बसमध्ये गेम उघडता, तर अपडेट आलेलं. बदलांच्या यादीत तुमच्या कार्डाचं नाव आणि पुढे एकच ओळ: डॅमेज कमी. झालं! ग्रुपवर पहिला मेसेज तुमचाच, 'हे लोक स्वतः कधी गेम खेळतात का?'

क्लॅश रोयाल खेळणाऱ्यांना हा राग समजावून सांगायला नको. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, एखाद्या कार्डाची किंवा सैनिकाची ताकद कंपनीने कमी केली की तो 'नर्फ', वाढवली की 'बफ'. नर्फ हे मुळात स्पंजच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांच्या ब्रँडचं नाव. म्हणजे आमची खरी बंदूक काढून घेऊन हातात ही दिली, असा तो टोमणा आहे.

आता जरा समोरच्या खुर्चीत बसून बघा. तुम्हाला तुमच्या मॅच दिसतात, डेव्हलपरला सगळ्यांच्या. एक कार्ड दर दुसऱ्या डेकमध्ये दिसायला लागलं की बाकीची शंभरेक कार्डं धूळ खात पडतात आणि जो तो तीच मॅच पुन्हा पुन्हा खेळतो. शिवाय तेच कार्ड नवख्याच्या हातात फुसकं आणि टॉपच्या खेळाडूच्या हातात जीवघेणं असू शकतं. मग दुरुस्ती कुणासाठी करायची? एकाला बरं वाटलं की दुसरा ओरडणार, हे ठरलेलंच.

पण आकडे एका बाजूला झुकले म्हणजे गेम बिघडला, असं असतं का? इथे कोरियातली एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी.

ब्लिझार्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' १९९८ मध्ये आला. टेरन, झर्ग आणि प्रोटॉस अशा तीन जमाती, तिघांचं सैन्य पूर्ण वेगळं. दक्षिण कोरियात हा गेम टीव्हीवर लाइव्ह दाखवला जायचा, आपल्याकडे क्रिकेट दाखवतात तसा. २००१ मध्ये त्याच्या बॅलन्समध्ये शेवटचे बदल झाले. त्यानंतर कंपनीने सैनिकांच्या ताकदीला हात लावला नाही. तिथल्या लीगवाले फारतर मॅचचे नकाशे बदलायचे. कुठे वाट अरुंद कर, कुठे दोन तळांमधलं अंतर वाढव, असं.

आणि प्रोटॉसवाले रडत होते. झर्गसमोर आपलं काही चालत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. त्यात मा जे-युन, म्हणजे 'सेव्हियर', हा झर्ग खेळाडू जो येईल त्याला लोळवत होता. ३ मार्च २००७ ला एमएसएल स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याच्यासमोर उभा राहिला किम तेक-योंग, टोपणनाव 'बिसू', प्रोटॉस खेळणारा. निकाल सगळ्यांनी आधीच ठरवून टाकला होता. बिसूने फायनल ३-० अशी जिंकली!

कशी? झर्गचे ओव्हरलॉर्ड हवेत तरंगत असतात आणि अदृश्य शत्रू फक्त त्यांनाच दिसतो. (तळावर उभारलेले काही बुरूजही ते काम करतात, पण ते जागचे हलत नाहीत.) बिसूने आधी कोर्सेअर विमानं काढून ओव्हरलॉर्ड टिपले, मग अदृश्य डार्क टेम्प्लर आत घुसवले. ही विमानंही जुनी, हे टेम्प्लरही जुने. सहा वर्षांत एकाही सैनिकाचा आकडा बदललेला नव्हता. २००६ मध्ये कंपनीने रडणाऱ्यांचं ऐकून झर्ग नर्फ केला असता, तर ही युक्ती शोधायची गरज कुणाला पडली असती?

म्हणून मग डेव्हलपरने हात बांधून बसावं का? तसंही नाही. २०१० मध्ये 'स्टारक्राफ्ट २' आला, इंटरनेटच्या जमान्यातला, पॅचवर पॅच येणारा. सुरुवातीलाच टेरनच्या आग ओकणाऱ्या गाड्यांपुढे झर्गची फार दैना होते म्हणून मे २०१२ मध्ये झर्गच्या क्वीनचा जमिनीवरचा मारा ३ वरून ५ केला. बदल केवढासा! पण त्या दोन आकड्यांनी झर्ग इतका निर्धास्त झाला की आरामात तळ वाढवायचे आणि शेवटी ब्रूडलॉर्ड-इन्फेस्टरची फौज उभी करायची, हा एकच खेळ सुरू झाला. लोक बघून बघून कंटाळले. बॅलन्सचं काम बघणाऱ्या डेव्हिड किम यांच्यावर सगळा राग निघत होता. यावेळी कुणी बिसू उगवला नाही. मार्च २०१३ मध्ये पुढचा भाग आला, इन्फेस्टरचं मुख्य हत्यार बदललं, तेव्हा कुठे सुटका झाली.

तर थांबायचं कधी आणि बदलायचं कधी, याचं सूत्र कुणाकडेच नाही. माझं मत विचाराल तर थोडं जास्तच थांबावं. 'हरतोय' आणि 'अजून उत्तर सापडलेलं नाही' यातला फरक पहिल्या महिन्यात कळत नाही, खेळाडूलाही नाही आणि आकडे बघणाऱ्यालाही नाही.

पुढची गंमत तर भारीच. २०२० मध्ये ब्लिझार्डने स्टारक्राफ्ट २ साठी विकत घ्यायचं नवं काही बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. नंतर बॅलन्सचे बदल सुचवायचं काम खेळातल्याच जाणत्या लोकांच्या काउन्सिलकडे आलं. म्हणजे 'हे लोक कधी गेम खेळतात का' हा प्रश्नच मिटला. भांडण मिटलं? छे! आता काउन्सिल कुठल्या जमातीला झुकतं माप देतं, यावरून वाद सुरू झाले.

तुमच्या बसमधल्या रागात मात्र एक गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी आहे. स्टारक्राफ्टची सीडी एकदा विकत घेतली की सगळे सैनिक तुमचे. नर्फ झाला तर मोडायची ती फक्त सवय. मोबाइल गेममध्ये तुम्ही एकेक कार्ड महिनोन्‌महिने वाढवता, कुणी पॉकेटमनीतून पैसेही टाकतं. तिथे नर्फ म्हणजे कमावलेल्या वस्तूची किंमत परस्पर घटवणं. हा राग बालिश नाही. नवीन कार्ड मुद्दाम तगडं ठेवतात आणि विकून झालं की कापतात, हा संशयही तिथूनच येतो. खरा की खोटा, बाहेरून सांगता येत नाही.

पण मग भांडण डॅमेजच्या टक्क्यावर कशाला? 'हर्थस्टोन' या पत्त्यांच्या गेममध्ये कार्ड नर्फ झालं की काही दिवस ते मोडून त्याची पूर्ण डस्ट परत घेता येते, म्हणजे तेवढ्यात दुसरं कार्ड बनवता येतं. ब्लिझार्डचाच गेम. कार्ड कापायचा हक्क त्यांचा, भरपाई मागायचा आपला. ग्रुपवरच्या त्या मेसेजमध्ये पुढच्या वेळी एवढं तरी लिहा. आणि कार्ड डेकमधून काढण्याआधी त्याच्यासोबत वीसेक मॅच खेळून बघा.