सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत झाला. जुना का वाचला नाही?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल पुरात कोसळला. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर काही वाहने अंधारात थेट नदीत गेली. काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यावर सापडले. शेजारचा नवा पूल मात्र शाबूत राहिला.

कोसळलेल्या पुलाची तपासणी मे महिन्यातच झाली होती आणि तेव्हा धोका आढळला नव्हता, असे सरकारने नंतर सांगितले. मग पूल पडला कसा, हा महाडकरांचा प्रश्न रास्तच होता.

दगडांच्या सांध्यात रुजलेला पिंपळ, कठड्याला गेलेली चीर हे पुलावरून रोज जाणाऱ्यालाही दिसते. नदीवरच्या पुलाला मोठा धोका असतो तो पाण्याखाली. पुराचा प्रवाह खांबावर आपटून खाली वळतो आणि पायाभोवतीची वाळू-माती उपसून नेतो. इंजिनीअर याला ‘स्कॉर’ म्हणतात. पूर ओसरला की तो खड्डा गाळाने भरतो. वरून पाहणाऱ्याला तळ पूर्वीसारखाच वाटतो, पण त्या मऊ गाळात पायाला धरून ठेवण्याची ताकद नसते. दगडी कमानींच्या पुलात एक खांब खचला की दोन्ही बाजूंच्या कमानींचा आधार जातो. आत लोखंडी सळ्या नसल्याने असा पूल वाकून इशाराही देत नाही.

म्हणजे तपासायचा तो पाया. पाणबुडे उतरवून किंवा नदीतळाची खोली मोजून हे करता येते, आणि नव्या पुलाच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ असतो.

नवा पूल १६५ दिवसांत, सुमारे ३६ कोटी रुपयांत उभा राहिला. ५ जून २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. कौतुकाचीच गोष्ट, पण पैसा आणि वेग दोन्ही होते, हेही त्यातून कळले. अडचण हिशेबाच्या रचनेतही आहे. नवा पूल हा भांडवली खर्च, त्यासाठी कर्ज काढता येते. देखभाल-दुरुस्ती सहसा महसुली खर्चात, म्हणजे पगार आणि पेन्शनच्या रांगेत उभी राहते. हात आखडायची वेळ आली की आधी तीच कापली जाते. शिवाय दुरुस्तीची फीत कोण कापणार?

ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली सुरू केली. गावोगावचे साकव आणि जिल्हा मार्गांवरचे जुने पूल तिच्या बाहेरचे. अशा पुलाचा शेवटचा तपासणी अहवाल माहिती अधिकारात अर्ज करून मागता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात एक प्रश्न जरूर असावा: पाण्याखालचा पाया शेवटचा कधी तपासला?